सहादूची लाळ

अकरावीच्या प्रात्यक्षिकाला लाळ लागते, आणि मुलांना सगळ्यांसमोर थुंकायची लाज वाटते. त्यामुळे नाशिकच्या आमच्या कॉलेजात वीस वर्षं प्रयोगशाळेचा शिपाई सहादूच ती देत आला. तोंड स्वच्छ हवं म्हणून त्या दिवशी तो सकाळपासून काही खात नसे. प्रयोग संपला की माझ्या डब्यातली एक पोळी त्याची, हा आमचा रिवाज.

"मॅडम, लय भूक लागली," म्हणत तो दारातच उभा राहायचा. शेवटच्या वेळी मीटिंगच्या घाईत मी तशीच निघून गेले. त्याच संध्याकाळी चांदवडच्या एसटीत, बसल्या जागी तो गेला. ती गोष्ट मला अजून खाते.

चार महिन्यांनी नवी मदतनीस ललिता फ्रिज साफ करत होती. तिला एक परीक्षानळी सापडली. चिकटपट्टीवर त्याच्याच अक्षरात त्याचं नाव. मुलं यायला तास होता. म्हटलं, उकळलेल्या लाळेचा प्रयोग आधी हिच्यावरच करून बघू. शिळी लाळ, कशीही मेलेलीच. ललिता बाहेरून कडी लावून दाराजवळच्या बाकावर बसली. मुलांनी आधीच घुसू नये म्हणून ही पद्धतही सहादूचीच.

दहा मिनिटं उकळली. एवढ्या उष्णतेत लाळेतलं पाचक द्रव्य कामातून जातं, पिठाला हात लावत नाही. गार करून पिठाचं पाणी घातलं, थांबले, आयोडीन टाकलं. निळंकाळं व्हायला हवं होतं. पिवळंच राहिलं. पीठ संपलं होतं.

पुन्हा उकळली, वीस मिनिटं. पुन्हा पिवळं.

माझंच काही चुकलं असेल. नुसत्या पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकलं. त्यात लाळ घातलीच नव्हती.

तेही पिवळं.

मी दाराकडे गेले. उघडेना.

"ललिता, कडी काढ!"

"काढली की, मॅडम. आतून कोणी धरलंय का?"

दोन्ही हातांनी ओढलं. दार हललं नाही. मी घाबरले, साफ घाबरले.

"सहादू, चुकलं माझं." डबा उघडून पोळी उंबऱ्याशी ठेवली, तो उभा राहायचा तिथे.

सकाळी मी साबुदाण्याची खळ केलेली सुती साडी नेसले होते. निऱ्या चालताना वाजत होत्या. आता वाजेनात. खाली पाहिलं. घोट्यापाशी कापड लुळं पडलं होतं, ओलं, कोमट.

बघता बघता ओल गुडघ्यापर्यंत आली.

पोळी तशीच होती.