कुंडीतली तापलेली सळई

कोणी म्हणजे कोणी विश्वास ठेवणार नाही, पण गेल्या एप्रिलमध्ये कोथरूडला बर्फ पडला होता. अख्ख्या कोथरूडला नव्हे, फक्त आपल्या स्वरालीच्या मानेवर. आज तिचं आणि आमोदचं केळवण आहे, तेव्हा जिलबी खाता खाता ऐका. नवऱ्या मुलीने मात्र तोंड उघडायचं ते फक्त घासासाठी.

तर स्वराली बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. ऊन असं, की टॉवेल दोरीवर पोचायच्या आत कडक! आणि टप्पकन मानेवर एक गार थेंब... मागोमाग बर्फाचा अख्खा खडा. ती तरातरा वरच्या मजल्यावर गेली. दार उघडलं आमोदने. हातात बर्फाचं घमेलं, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर.

"आपल्याकडे हिवाळा सुरू झालाय का?"

"सॉरी... ते झाडासाठी आहे. थंड हवेचं आहे ना. उटीहून आणलंय."

"ताप आलाय का त्याला? पट्ट्या ठेवताय ते!"

बाल्कनीत एक कुंडी होती. लांब पात्यांचा झुबका, आणि भोवती बर्फाचा ढीग. रोज दोन किलो नेतो म्हणून कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याला संशय, हा पठ्ठ्या दुसरी रसवंती काढतोय की काय!

"रेड हॉट पोकर," आमोद म्हणाला. "फूल आलं ना, की वाटतं विस्तवातून काढलेली सळईच रोवून ठेवलीय. शेंड्याला लाल, खाली पिवळी."

स्वराली धायरीच्या एका रोपवाटिकेत कामाला. तिने माती चाचपली. निव्वळ चिखल.

"अहो, हे झाड थंडी सोसतं, थंडी मागत नाही. मुळाशी पाणी साचलं की कुजून जाईल बिचारं. वाळू मिसळा, ऊन द्या. आणि बर्फ सरबतात घाला."

"मग... घेणार का सरबत?"

घेतलं की! मग दोघांनी मिळून कुंडी उपसली, वाळू मिसळली, आणि स्वराली रोज संध्याकाळी 'झाड बघायला' वर जाऊ लागली. एक झाड बघायला किती वेळ लागतो हो? तिला दीड तास लागायचा. दुसऱ्या आठवड्यात 'अहो' गळून पडलं.

"तुला एक सांगायचंय," एकदा आमोद पात्यांकडे बघत म्हणाला.

"सांग की."

"आत्ता नाही... फूल आलं की."

"आणि नाही आलं तर?"

"तर... राहू दे."

झालं! एक जूनला तिला धायरी सोडून उटीजवळच्या एका बागेत नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं, आणि इथे कळीचा पत्ता नाही. काय सांगायचं असेल याला? रोज ती पाती बाजूला सारून गाभ्यात डोकवायची. दिसायचं नुसतं हिरवं... आणि पलीकडून पाती सारणारी आमोदची बोटं. तिला वाटायचं, बर्फाचं घमेलं या पोराच्याच डोक्यावर ओतावं, म्हणजे तरी हा बोलेल!

निघायच्या दिवशी सकाळी मात्र चमत्कार झाला, मंडळी! माणूसभर उंच दांडा, आणि वर फूल असं पेटलेलं की समोरच्या इमारतीतून कोणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. बंब आला, शिडी लागली! शेजारच्या वेणूबाईंनी त्या फुलावर दोन पापड भाजून घेतले. आणि त्या लालभडक उजेडात आमोदने स्वरालीचा हात धरला, म्हणाला—

"थापा!" पंगतीतून स्वराली ओरडली. जिलबी अजून तोंडातच होती. "दिगंबरकाका, धादांत थापा! फूल आलंच नाही. आजतागायत नाही! मी बॅग जिन्यात ठेवून वर गेले, कुंडी नुसती हिरवीगार. शेवटी मीच म्हटलं, 'आमोद, तुला जे काही सांगायचंय ना, त्याला माझं हो आहे.' तर हा शहाणा म्हणतो कसा, 'थांब ना चार दिवस... कळी धरेल!'"