दोनशे चौदाचा बिल्ला

कपड्यांचा कारखाना बंद पडल्यापासून चार महिने शिंपी रोज सकाळी खाणीच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा आणि रोज एकच उत्तर घेऊन परतायचा. जागा नाही. फाटकावरचं कुत्रंसुद्धा आता त्याला ओळखून शेपूट हलवू लागलं होतं, पण आतले साहेब काही ओळख दाखवत नव्हते. घरी बायको एका शब्दानं बोलत नसे, आणि तेच त्याला जास्त लागत असे.

खाणीत असलेल्या मेहुण्यानं त्याला आधीच सगळं समजावून ठेवलं होतं. "दाजी, काम सोपं आहे. पट्ट्यावरून कोळसा सांडतो, तो फावड्यानं परत पट्ट्यावर टाकायचा. फक्त एक लक्षात ठेवा. खाली अंधारात कुणी नंबर विचारला, तर आधी त्याचा विचारायचा. त्यानं सांगितला, की मगच आपला."

"का रे?"

"पद्धत आहे," मेहुणा म्हणाला आणि उगाच बुटाची नाडी बांधत बसला.

त्या शनिवारी शिंपी भल्या पहाटेच बिल्ल्यांच्या खोलीत पोचला. भिंतीवर मोठी फळी होती. डावीकडे 'खाली', उजवीकडे 'वर'. उतरताना आपला पितळी बिल्ला 'खाली' टांगायचा, वर आलं की 'वर'. पाळी सुटल्यावर डावी बाजू रिकामी दिसली, की आत कुणी राहिलं नाही असं समजून फाटक बंद. फळीसमोरचा कारकून सोमवारीच रुजू झालेला. जुन्या लोकांनी आठवडाभर त्याची यथेच्छ फिरकी घेतली होती. चहात मीठ घालून झालं होतं, खालच्या फोनवरून शेळीसारखं ओरडून झालं होतं. बिचारा मेटाकुटीला आला होता.

"माणूस हवाय, पण नंबर मोकळा नाही," तो म्हणाला. "नंबर नाही तर माणूस नाही."

शिंप्याला डोळ्यांपुढे घरचं दार दिसलं. पुन्हा त्या दारातून रिकाम्या हातानं आत जायचं. तो फळीकडे बघत राहिला. पहाटेची वेळ, सगळे बिल्ले उजवीकडे. फक्त डावीकडे, अगदी खालच्या खिळ्यावर, सहज नजरेत न येणारा, काळा पडलेला एक बिल्ला लोंबत होता.

"साहेब... तो?"

कारकुनानं बिल्ला काढून रुमालानं पुसला. दोनशे चौदा. "कुणीतरी काम सोडताना 'वर' टांगायला विसरलेला दिसतोय. तुमचं नशीब जोरावर आहे." त्यानं अर्जावर पत्ता लिहून घेतला आणि बिल्ला शिंप्याच्या हातात ठेवला. तो बर्फासारखा गार होता.

शिंपी धावत घरी जाऊन डबा घेऊन आला. पोरगी मागे लागली होती, "बाबा, खालून मला चमकणारा दगड आणा." बायको इतक्या दिवसांनी हसली. म्हणाली, "दमून याल. दार नुसतं लोटून ठेवते, हाका मारत बसू नका."

त्यानं बिल्ला 'खाली' टांगला आणि माणसांची ने-आण करणारा लोखंडी पिंजरा त्याला घेऊन दोरावरून खाली उतरला. खाली ओल, तेल आणि जुन्या लाकडाचा वास. पट्ट्याचा अखंड खडखडाट. त्याला सगळ्यात टोकाची, एकट्याची जागा मिळाली होती. तो जीव तोडून फावडं मारत राहिला.

जेवायच्या वेळी पट्टा थांबला आणि एवढी शांतता झाली, की त्याला स्वतःचं गिळणं ऐकू येऊ लागलं. भिंतीत माणसांना टेकायला खोदलेला कोनाडा होता, तिथे तो बसला. शेजारी आणखी कुणीतरी बसलं होतं. दिवा विझवून. मुकादमानं उतरताना सगळ्यांना सांगितलं होतं तसा दिवा वाचवत असेल, असं शिंप्याला वाटलं.

"नंबर किती?" घसा बसलेला, घोगरा आवाज.

"दोनशे चौदा," शिंपी म्हणाला. चार महिन्यांनी कुणीतरी त्याची विचारपूस करत होतं.

"घरी कोण?"

त्यानं सगळं सांगितलं. बायको, पोरगी, दगड, लोटलेलं दार. शेजारचा मन लावून ऐकत होता. मध्येच पुन्हा म्हणाला, "दार... लोटलेलं?"

"हो. तुमचा नंबर?"

उत्तर अगदी कानाशी आलं, "तोच."

शिंप्यानं दिवा वळवला. कोनाडा रिकामा होता. बसल्या जागी पाणी साचलं होतं, आणि मघाशी अर्धा भरलेला त्याचा डबा चाटूनपुसून स्वच्छ झाला होता.

पाळी सुटल्याचा भोंगा होईपर्यंत त्यानं कशीबशी कळ काढली आणि मग पिंजऱ्याकडे पळत सुटला. वाट सरता सरेना. तो पोचला तेव्हा जाळीचं दार बंद होतं, शेवटचा पिंजरा वर चढत होता, आणि त्याला फक्त माणसांचे बूट दिसले. एका जोडीतून पाणी गळत होतं. त्यानं हाका मारल्या. दोर तसाच वर जात राहिला.

बऱ्याच वेळानं, चाचपडत, त्याला भिंतीवरचा फोन सापडला.

"साहेब, मी दोनशे चौदा. मी खाली राहिलोय..."

"झालं तुमचं सुरू?" कारकून वैतागून म्हणाला. "डावी बाजू रिकामी आहे. फाटक लावलं. उद्या सुट्टी आहे, परवा करा थट्टा."

"साहेब, पोरीची शपथ... मी शिंपी..."

"शिंपी कधीच वर आला. माझ्यासमोर बिल्ला टांगला त्यानं. पहिलाच दिवस, एवढा गाळात माखला होता की तोंड ओळखू येईना. हातात दगड होता, पोरीला न्यायचाय म्हणाला." कारकुनाचा आवाज जरा निवळला. "घराची वाट काही आठवेना त्याला. शेवटी मीच अर्जावरचा पत्ता वाचून दाखवला. कुलूप असलं तर, म्हटलं, बाहेर ताटकळाल. तर म्हणाला, नाही, दार लोटलेलंच आहे."