टोकाजवळची काठी

कुत्र्यांची स्लेज जोडायची आणि भूशिराच्या पलीकडच्या वस्तीतून नादुकआजीला आणायचं, एवढंच काम होतं. माझी बायको तुकुमेक, तिचे दिवस भरले होते आणि आमच्याकडे दुसरी सुईण नव्हती.

परतताना दुपार होती. हिवाळ्यात आमच्याकडे दुपारही चांदण्यातच येते. एका अंगाला काळा कडा, दुसऱ्या अंगाला गोठलेला समुद्र, मधे कड्याला चिकटलेला बर्फाचा अरुंद पट्टा. आमची वाट तीच. भूशिराच्या टोकाजवळ पाण्याला ओढ आहे, तिथे समुद्रावरचा बर्फ कधीच जाड होत नाही. त्याच हिवाळ्यात, बर्फ नुकता धरत होता तेव्हा, बाबा तिथेच बुडून गेले. तेव्हापासून त्यांचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. नव्या बाळाला देईपर्यंत मेलेल्याचं नाव ओठावर आणायचं नसतं.

"स्लेज हाकतोयस की पाळणा?" आजी कातड्यांतून पुटपुटली. "पोर काही माझी वाट बघत थांबायचं नाही."

मी हसलो. तेवढ्यात ऐकू आलं. टक् टक्... टक्.

बर्फ आजमावायची काठी. दोनदा आपटून, श्वासभर थांबून, पुन्हा एकदा. असं फक्त बाबा करायचे. आवाज आमच्या पुढे निवांत चालला होता. धुकं दुधासारखं उतरलं. बाबांच्या कोटाचा, सीलच्या जुन्या चरबीचा वास आला आणि मला इतकं बरं वाटलं, की कुत्री पट्टा सोडून समुद्राकडे वळली तरी मी त्यांना अडवलं नाही. नाव अगदी जिभेवर आलं होतं.

आजीचा हातमोजा माझ्या तोंडावर बसला.

"इथे हाक मारलीस तर नाव इथेच राहील... पोराला मग काय देशील?"

"पण आजी, ते बाबाच..."

"त्यालाही इथे त्याच्या बापाची काठी ऐकू यायची. मला सांगायचा."

मी कुत्री वळवली. चाबूक उगारताना मला रडू फुटलं.

मुलगा झाला. आजीने कानात नाव सांगताच त्याचं रडणं थांबलं. तुकुमेक त्याला, सासऱ्याला म्हणावं तसं, "आलात?" म्हणाली. नाव घरी आलं होतं. टोकाजवळ मग पुन्हा काही ऐकू आलं नाही.

दिवा जरा मोठा कर, मग पुढचं सांगतो.

आता तो तीन वर्षांचा आहे. मी त्याला बाबाच म्हणतो. काल जेवताना त्याने चमचा ताटलीवर आपटला. टक् टक्... आणि खिडकीकडे बघत थांबला.

तिसरा ठोका बाहेरून, बर्फावरून आला.