जाळीमागचं पाणी

मालन चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. त्या उन्हाळ्यात या एका काळजीनं माझी झोप उडाली होती. कान ठीक, जीभ ठीक, असं डॉक्टर म्हणाले. मग दोष उरला तो आईचाच, असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलं.

साल छत्तीस. आमचे हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. मांडवीला आमच्या घरामागं त्यांनी एक लांब लाकडी पन्हळ बसवली होती. रहाटाचं पाणी दोणीतून पन्हळीत येई, मध्ये आडव्या लावलेल्या तारेच्या जाळीतून जाई आणि पुढं माडांना मिळे.

"जाळीतून पाणी फुटलं की मागं भोवरेच भोवरे," हे समजावीत. "पण जरा पुढं, मधोमध, त्यांना डावं-उजवं काही उरत नाही. सगळ्या दिशा सारख्या. पन्हळीच्या भिंतीजवळ मात्र पाण्याला कल असतो."

विलायतेत यावर मोठं काम चाललं होतं म्हणे. मुंबईच्या एका प्रोफेसरांना आपली मोजणी दाखवायला हे बोटीनं गेले, आणि वही माझ्या हाती देऊन गेले. रोज दुपारी भाताची तुसं पाण्यात सोडायची, शंभरांतली किती डावीकडे वळली, किती उजवीकडे, ते लिहायचं. मॅट्रिकला गणितात काठावर पास झालेल्या बाईवर एवढा विश्वास!

तो मी दुसऱ्याच दिवशी सार्थ केला. पुसताना गंजलेली जाळी माझ्या हातात फाटून आली. मासे घेऊन येणाऱ्या सोनूबाईकडून मी जुन्या जाळ्याचा तुकडा मागून घेतला आणि चौकटीला ठोकला. स्वतःच्या हुशारीवर फार खूश झाले.

त्या दुपारी वारा पडला होता. माडाची झावळ हलत नव्हती. मालन नेहमीसारखी पन्हळीच्या डाव्या अंगाला, फळीवर बसून पाण्यात बघत होती. मी तुसं सोडली. डावीकडे एक्क्याण्णव. उजवीकडे नऊ.

माझीच चूक, दुसरं काय? पुन्हा मोजलं. त्र्याण्णव. पन्हळ कलली असेल म्हणून गवंड्याची पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध. आणि विहीर गोड्या पाण्याची असून वास येत होता तो खाऱ्याचा... ओल्या सुताचा.

मग का कोण जाणे, मी मालनला उचललं आणि उजव्या बाजूला नेऊन बसवलं. तुसं सोडली.

ब्याण्णव, उजवीकडे.

मालन पाण्यावर वाकली होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण हलत होते... चार वर्षांत पहिल्यांदा.

"कोणाशी गं?" मी हळूच विचारलं.

तिनं वर बघितलं आणि हसली.

सोनूबाई आली तेव्हा मी तिथंच बसून होते. सगळं ऐकून तिनं टोपली खाली ठेवली.

"ता जाळा माज्या भावाचा, वैनी. काशीरामाचा. नाट्याच्या खाडीत बुडला. जाळ्याचा येवढाच तुकडा घावला, तो नाय घावला."

"आणि तू ते मला दिलंस?"

"बुडलेल्याचा जाळा दर्यात सोडायचा आसतो. माजा जीव होयना. म्हटला, तुमच्याकडं रोज पाण्यात तरी ऱ्हाईल..."

"मालनला काही करेल का गं तो?"

"पोरांवर लय जीव त्याचा. पन आता काय तो..." ती थांबली. "तुमी शिकलेल्या. मला काय इचारता?"

शिकलेली बाई पन्हळीकडं बघत राहिली. जाळं काढावं तर पोरीचे ओठ पुन्हा मिटतील. ठेवावं तर... पाणी तिला आणखी जवळ बोलावील. शेवटी मीच खिळे उपटले. सोनूबाईनं चौकट धरली.

आम्ही तिघी किनाऱ्यावर गेलो. ओहोटी लागली होती. सोनूबाई कमरेएवढ्या पाण्यात शिरली, काहीतरी पुटपुटली आणि जाळं सोडलं. मालन माझ्या कडेवरून बघत होती. पाण्याकडं नव्हे, आमच्या मागं, वाळूकडं.

तिघी घरी आलो. फाटलेली जाळी मी तारेनंच शिवली, वाकडीतिकडी, आणि पुन्हा चौकटीला ठोकली. उन्हं अजून माडांवर होती. तुसं सोडली, मोजली. डावीकडे पन्नास, उजवीकडे पन्नास. मालन डावीकडे बसली काय, उजवीकडे बसली काय, पाण्याला तिची काही पडलीच नव्हती. मी सुटकेचा श्वास टाकून आकडा वहीत लिहिला.

"आई."

मी वळले. मालन मागच्या पायरीवर बसली होती. एका कडेला सरकून, शेजारी कुणाला जागा करून द्यावी तशी. सोनूबाईनं तोंडाला पदर लावला. मी धावत जाऊन मालनला उराशी धरलं. हसत होते, रडत होते. "बोल गं माझी बाय, आणखी बोल..."

तिनं माझ्या खांद्यावरून त्या रिकाम्या जागेकडं बघितलं.

"आई, ह्याला पंचा दे ना. भिजलाय."