जैसलमेरच्या वाळूतली खिडकी

मी फोटोत काडीचंही काही घुसडलेलं नाही. हे मी केतनला सगळ्यांसमोर सांगितलं, आणि इथेही आधी तेच सांगते.

प्रवासात असो की घरी, मला रात्रीचे फोटो काढायचं वेड आहे. नोएडातल्या आमच्या बाल्कनीतून काय मिळणार म्हणा! धूर, टॉवर आणि मेट्रोच्या उजेडाची लांब रेघ. तारे हवेत तर बाहेर पडावं लागतं. या हिवाळ्यात जैसलमेरला गेले, वाळूत ट्रायपॉड रोवला आणि शटर अर्धं मिनिट उघडं ठेवलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. तो फोटो आमच्या क्लबच्या प्रदर्शनाला दिला. निवड केतनकडे होती. त्याने तो पडद्यावर लावून मोठा केला.

वाळूच्या टेकडीवर, ताऱ्यांच्या खाली, एक पिवळी खिडकी होती.

"यार भावना, ही तर तुमच्याच घरची," केतन म्हणाला. "ग्रिलचा वाकडा गज बघ, बरणीतला मनीप्लांट बघ. तुझ्या आईच्या, प्रेमलाकाकूंच्या हातचा चहा मी तिथेच उभा राहून प्यायलोय. खोटं करायचं तर जरा सफाईने तरी करायचं!"

लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थंडीत हात सुजेपर्यंत उभं राहायचं ते हे ऐकायला? मी कॅमेऱ्यातली मूळ फाइल उघडून दाखवली. तिच्यातही खिडकी होतीच. "सिद्ध कर, नाहीतर क्लबातून नाव कमी करू," तो म्हणाला.

घरी येऊन हिमालयातल्या स्पितीचा जुना फोटो उघडला. ज्या कड्यावर शेळीसुद्धा चढणार नाही तिथे एक पिवळा ठिपका होता. मी त्याला आजवर तारा समजत होते. मोठा केला तर तोच वाकडा गज.

"आई, मी नसताना तू करतेस काय?"

"काय करणार? दिवा लावून खिडकीत बसते."

बाबा फौजेत होते तेव्हापासूनची तिची ही रीत. माणूस बाहेर असेपर्यंत खिडकीतला दिवा चालू ठेवायचा. तो परतीला निघाला की मालवायचा.

"आणि तारे बघते," आई म्हणाली. "किती दिसतात गं!"

"नोएडात तारे? कायतरीच!"

"तू नसलीस की दिसतात बाई."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात केतन होता. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो, समोर दुसरी इमारत नाही. खालून ती खिडकी तिरकी दिसणार, आणि जैसलमेरच्या फोटोत ती सरळ समोरून आहे. मग तो फोटो मी काढला कसा, हवेत लोंबकळून? खालून एक फोटो काढून, दोन्ही शेजारी ठेवून त्याचं तोंड बंद करायचं ठरवलं.

"मी जरा बाहेर जातेय. दिवा लावून खिडकीत उभी राहा," आईला सांगितलं आणि गाऊनवर शाल घेऊन पार्किंगमध्ये उतरले. जेवणाची वेळ होती, घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. ट्रायपॉड लावला. शटर दाबलं.

फोटोत बाकी प्रत्येक मजल्यावर खिडकी होती. सातव्यावर नुसता गिलावा.

मान वर करून पाहिलं. गिलावाच.

आईला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"खिडकीत. तूच सांगितलंस ना?"

"मी दिसतेय तुला?"

"दिसतेयस की. लाल जॅकेट घातलंयस. वाळूत केवढी थंडी असेल गं!"

जैसलमेरला घातलेलं लाल जॅकेट वर कपाटात होतं.

"आई, तिथेच थांब. दिवा असू दे. मी वर येतेय."

"ट्रायपॉड मिटलास. बॅग खांद्याला लावलीस." तिचा आवाज सुखावला. "निघालीस तर. चल, सावकाश ये. दिवा मालवते."

"नको! आई, मी निघाले नाहीये!"

फोनमध्ये बटणाचा आवाज आला. धावत वर गेले तर खिडकीच्या जागी सपाट भिंत होती, आणि आई घरात कुठेच नव्हती.

केतन म्हणतो, पार्किंगमधून काढलेल्या फोटोतून मी खिडकी पुसली. पुसली? ये म्हणावं वर, आणि त्या भिंतीवरून हात फिरवून बघ.

जैसलमेरचा फोटो मी रोज उघडते. खिडकी आहे, वाकडा गज आहे, बरणी आहे. दिवा तेवढा बंद आहे.