पंधरा मार्चचं बाळ

त्या बाळाला कोणीतरी मारलं. सुरीने नाही, विषाने नाही, तारीख तीन आठवडे पुढे ढकलून मारलं. आणि ढकलणारे आजही सकाळी इस्त्रीचे कपडे घालून कामावर जातात.

"मामा, भुताची गोष्ट सांगणार होतास ना? ही तर बातमी झाली," भाची म्हणाली.

भूत येतंय. त्याला यायला वेळ लागला होता, तुलाही थोडा धीर धरावा लागेल. आणि तो मोबाईलचा दिवा बंद कर. अंधार झालाय तर असू दे.

तुम्हाला माहीतच आहे, मी सोनोग्राफीची मशीनं दुरुस्त करतो. त्यामुळे त्या धंद्यातली माणसं ओळखीची. त्यातला एक तरुण डॉक्टर, त्याला आम्ही घड्याळ्या म्हणायचो. पोटातल्या बाळाचं वय तो फार नेमकं सांगायचा.

"कसं काय? बाळ जन्माचा दाखला दाखवतं का आतून?" भाच्याने विचारलं.

पहिल्या तीन महिन्यांत जवळजवळ तसंच. बाळ अंगठ्याएवढं असतं. डोक्यापासून बुडापर्यंत त्याची लांबी मोजायची. त्या दिवसांत सगळी बाळं साधारण एकाच चालीने वाढतात. श्रीमंताचं असो, गरिबाचं असो, बाप ताडमाड असो की आई ठेंगणी. त्यामुळे लांबीवरून वय कळतं, चार-पाच दिवस इकडेतिकडे. पुढे मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोणी गुटगुटीत, कोणी किडकिडीत. म्हणून सुरुवातीला लावलेली तारीख नंतर बदलायची नसते. सातव्या महिन्यात बाळ लहान दिसलं तर तारीख चुकलेली नसते. बाळ उपाशी असतं. हे घड्याळ्याला माहीत नव्हतं असं समजू नका. मला त्यानेच शिकवलं.

तर त्याच्याकडे शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवणारी-उतरवणारी एक बाई आली. सगळी मुलं तिला बसताई म्हणत. पहिलटकरीण. सप्टेंबरच्या सुरुवातीला घड्याळ्याने मोजलं आणि तारीख दिली, पंधरा मार्च. ती डिसेंबरात पुन्हा आली. बाहेर रांग लागलेली. मशीनने बाळाचं माप तीन आठवडे कमी दाखवलं.

"ताई, तुमच्या पाळीच्या हिशेबात घोळ दिसतोय," घड्याळ्या म्हणाला.

"पाळीचा हिशेब मी सांगितलाच नव्हता. तारीख तुम्हीच मोजून दिलीत, डॉक्टर."

"मशीन काय खोटं बोलेल?"

"मग सप्टेंबरात कोण बोललं होतं?"

तो हसला. तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायला हवं होतं. पण पाठवायचं म्हणजे फोन करा, समजावून सांगा, रांग थांबवा. आणि दवाखान्याच्या मालकांना, मोठ्या डॉक्टरांना, पेशंट बाहेर गेलेला खपत नसे. घड्याळ्याने पंधरा मार्च खोडली. पाच एप्रिल लिहिली. बाळ छान आहे, अजून वेळ आहे म्हणाला.

बाळाला वेळ नव्हता. जानेवारीत ते हलायचं थांबलं.

बसताई रडत बसली नाही. तिने तक्रार केली. दवाखान्याने उत्तर दिलं, पंधरा मार्च अशी तारीख आम्ही कधी दिलीच नव्हती. तिच्याकडचा पहिला कागद "तपासणीसाठी" म्हणून आधीच काढून घेतला होता, आणि तो आता सापडत नव्हता. तिच्या बाजूने एकच गोष्ट उरली होती. सप्टेंबरातलं ते चित्र, मशीनच्या पोटात साठवलेलं. सोमवारी चौकशीला माणसं येणार होती.

शनिवारी रात्री जेवताना घड्याळ्याला मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. "मशीनमधली जागा भरत आली असेल ना रे? जुनं काढून टाक जरा. सप्टेंबरातलं वगैरे." बस, एवढंच. अशी माणसं कधी पूर्ण वाक्य बोलत नाहीत.

घड्याळ्याने हात धुतले. बायकोला म्हणाला, "दवाखान्यात चष्मा राहिलाय. येताना दूध आणू का?" ती म्हणाली, आण. स्कूटर काढली आणि निघाला. हवा छान होती म्हणे. वाटेत त्याने गाणंही गुणगुणलं.

पावणेअकरा वाजले होते. शटर अर्धं वर केलं, आत गेला, मशीन लावलं. बसताईचं नाव शोधलं. चित्र आलं. अंगठ्याएवढं बाळ, आडवं. मोजमापाची एक फुली डोक्याशी, एक बुडाशी.

त्याने पुसायचं बटण दाबलं. मशीनने विचारलं, नक्की? त्याने हो केलं.

चित्र गेलं नाही.

पुन्हा दाबलं. नाही गेलं. मग त्याच्या लक्षात आलं, की चित्रात काहीतरी लुकलुकतंय. छातीच्या जागी. बारीक, भराभर.

साठवलेलं चित्र ते... फोटोच की. फोटोतलं काळीज कसं धडधडेल?

त्याने हाताकडे पाहिलं. पोटावर फिरवायचा तो दांडा... खुंटीला होता. वायर लोंबत होती. कोणाच्याही अंगाला लागलेला नव्हता.

बाळाने पाय झाडला.

फुल्या सरकायला लागल्या. आपोआप. आधी लांबी. मग डोक्याचा घेर. मग मांडीचं हाड. बाजूला आठवडे चढत होते. तेरा. सतरा. बावीस. बाळ पडदाभर वाढत होतं. अठ्ठावीस...

"तिथे घड्याळ्याने पंचवीस लिहिलं होतं," भाचा हळूच म्हणाला.

हं.

एकतीसवर आकडा थांबला. लुकलुक थांबली. घड्याळ्या म्हणाला, त्याला वाटलं, संपलं. त्याला चक्क बरं वाटलं.

मग... पुन्हा सुरू झालं.

बत्तीस. पस्तीस. अडतीस.

चाळीस.

आणि आता आवाज. ठक ठक ठक ठक. काळजाचा. पण मशीनच्या स्पीकरमधून नाही. त्याच्या पाठीमागून.

त्याने मागे वळून पाहिलं नाही.

पडद्यावर एक चौकोन उघडला. प्रसूतीची तारीख. रिकामा. त्यात ती रेघ लुकलुकत होती, लिहायची वाट बघत. त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली.

पंधरा मार्च.

ती रात्रच पंधरा मार्चची होती.

फक्त खरं लिहायचं होतं. आजची तारीख. एक आकडा, एक महिना. तिथे त्याला बघायला कोणी नव्हतं. मालक नव्हते, रांग नव्हती.

त्याने टाइप केलं. पाच एप्रिल.

आपोआप पुसलं गेलं.

पाठीमागे... कोणीतरी दीर्घ श्वास सोडला. पोटातली कळ दाबून धरल्यासारखा.

पुन्हा पाच एप्रिल.

पुसलं गेलं.

ठक ठक ठक...

"मग लिहिलं त्याने?" भाचीने विचारलं.

नाही गं. त्याने भिंतीतला प्लग ओढला.

मशीन बंद झालं. अंधार. आवाज मात्र चालूच होता. तो शटरखालून सरपटत बाहेर पडला आणि तसाच पळाला. स्कूटर तिथेच. दूध विसरला.

"आणि बसताई? ती... गेली होती का?"

छे. ती त्या रात्री स्वतःच्या घरी होती. तिचा नवरा सांगत होता, रात्रभर पोटाला हात लावून बसली होती. आज जिवंत आहे, बसवर जाते. दुसऱ्यांची पोरं उतरवते.

रविवारी सकाळी घड्याळ्याने मला बोलावलं, मशीन सुरू होत नाही म्हणून. हे सगळं त्याने मला तिथेच सांगितलं, बाहेरच्या बाकावर बसून. आत यायला तयार नव्हता. मी प्लग लावला, मशीन सुरू केलं. सगळं जागच्या जागी होतं. सप्टेंबरातलं ते चित्र तेवढं गेलेलं. बाहेर येऊन मी त्याला तसं सांगितलं, तर तोंडावर हात ठेवून बसला. वाटलं, रडतोय. त्याला सुटल्यासारखं झालं होतं.

सोमवारी चौकशीवाले आले, चहा प्यायले, पुरावा नाही म्हणाले. तक्रार मिटली. मोठ्या डॉक्टरांनी त्याचा पगार वाढवला. आमचं बोलणं बंद झालं.

पण त्या रविवारचं एक राहिलं. आम्ही बाकावर असतानाच फरशी पुसणाऱ्या मावशी मशीनच्या खोलीमागच्या तपासणीच्या खोलीत गेल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी चादरी बदलून त्यांनी स्वतः त्या खोलीला कुलूप लावलं होतं. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, जरा वैतागूनच.

"डॉक्टर, इथे बाळंतपणं कधीपासून करायला लागलात? बेडवर सगळं पाणी झालंय. अजून कोमट आहे."