नऊ नंबरची तपासणी

दिवे गेले होते. होस्टेलच्या पायऱ्यांवर पोरी वॉर्डमामांना घेरून बसल्या होत्या.

"ऐका मग. तिनं स्वतः मला सांगितलंय," मामा म्हणाले. "पदवी घेऊन नर्सिंगचं पुढचं शिकायला आली होती, तुमच्यासारखीच. सगळ्या तिला घाईताई म्हणायच्या."

गोष्ट चौदा तारखेची, मंगळवारची. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला केस-पेपर, म्हणजे एका पेशंटची लेखी माहिती, मॅडमना द्यायचा, नाहीतर वर्ष गेलं. पेशंट, नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजी. त्यांची हिस्टरी घाईताईनं दुपारीच उरकली होती, पण मुलाच्या तोंडून. आजींनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मुलगा मध्ये पडला. "तिला काय कळतंय, सिस्टर? बाथरूममध्ये पडली. लिहा." हिनं लिहिलं, खाली त्याची सही घेतली. आता फक्त छातीची तपासणी उरली होती. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ती स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून वॉर्डात शिरली. ड्यूटीवरची सिस्टर टेबलावर डोकं टेकून झोपली होती.

पडद्यामागे आजी पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"आजी, लांब श्वास घ्या."

काहीच ऐकू आलं नाही.

तिनं स्टेथोस्कोपची चकती पाठीवर सरकवली. खाली. बाजूला. नाही. कानातली टोकं उलटी लागली असतील म्हणून काढून परत घातली. चकतीवर नखानं टकटक केलं. ते स्पष्ट आलं. पुन्हा पाठीवर टेकवली...

नाही.

आपलेच कान कच्चे, तिला वाटलं. वर्गातल्या सरावातही तिला छातीतलं धड ऐकू यायचं नाही. बाकीच्या लिहायच्या तेच ती लिहायची.

"काय ऐकू येतं गं?" आजींनी विचारलं.

"सगळं नॉर्मल आहे, आजी."

"हं... सगळे तेच लिहितात."

पंखा फिरत होता.

"मला विचार ना, काय झालं ते."

मग तिनं विचारलं. शिकवलं होतं तसं, न घाबरवता. आजींनी गाऊन खांद्यावरून उतरवला. दंडावर बोटांचे वळ. जुने. त्यावर नवे.

"मुलानं?"

आजींची मान हलली. एकदाच.

तिनं पानभर लिहिलं.

सकाळी मॅडमनी ते पान वाचलं. "नऊ नंबर काल रात्री साडेदहाला वारली. रातोरात मुलगा बॉडी घेऊनही गेला. तू कुणाची हिस्टरी घेतलीस?"

घाईताईनं पानावर बोट ठेवलं. "पण मॅडम, दंडावर..."

"तीस वर्षं काढलीत मी इथे. नातेवाईक सांगतात ते लिहायचं. हे पान देशील तर वर्ष घालवशील."

"दिलंच असेल तिनं!" पायरीवरची एक पोरगी म्हणाली.

"फाडलं," मामा म्हणाले. "मुलानं सांगितलेलं दिलं. खाली त्याची सही. छाती नॉर्मल. पन्नासपैकी बेचाळीस पडले."

"आणि तुम्ही काय केलंत, मामा?"

"मी? आजी गेल्यावर चादर बदलली. वळ मीही पाहिले होते गं. पण मोठ्यांपुढे आपण काय बोलणार?"

"वॉर्डात सगळ्यांत मोठे तर तुम्हीच होतात!"

कुणी हसलं नाही.

"पेपर तपासून परत आला, तिनं मला दाखवला ना..." मामा म्हणाले, "तेव्हा मुलाच्या सहीशेजारी एक अंगठा उठला होता. शाईचा. मी बोट लावून पाहिलं..."

"आणि?"

"ओला होता."